डोळ्यांच्या बोटभर खाली

१

शाळेत रंजितामॅडमना दिवसातून एकदा तरी कोणीतरी विचारायचंच, "मॅडम, रात को सोए नहीं क्या?" विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसायचं, पण रोज त्याच बोटाला ठेच लागावी तसं तिला व्हायचं. खरं सांगायचं तर रंजिताइतकी झोप अख्ख्या राजपुऱ्यात कोणाला लागत नसेल. उशीला डोकं टेकलं की संपलं. दारात बँड वाजला तरी बाई कूस बदलायची नाही. डोळ्यांखालचे ते काळे खड्डे हा तिला आईकडून आलेला दागिना होता. बाकीचे दागिने मोडता तरी येतात, हा तेवढाही उपयोगाचा नव्हता.

वय अडतीस. हिंदी शाळेत आठवीला विज्ञान शिकवायची. नवरा भूपेंद्र केळीवाल्या शेतकऱ्यांना ठिबकच्या नळ्या विकायचा. नळीतली सुईच्या टोकाएवढी गळती त्याला लांबून दिसायची, बायकोच्या तोंडावर काय चाललंय ते मात्र सांगितल्याशिवाय कळायचं नाही. घरात तिसऱ्या त्या सासूबाई, धुरपदाबाई. मूल नव्हतं. त्याबद्दल आता घरात कोणी बोलत नसे, इतकंच.

आणि अशात शाहपुरहून बातमी आली. रंजिताचा धाकटा भाऊ जीवन, त्याची बायको निशा हिला बऱ्याच वर्षांनी, बरीच औषधं आणि बरेच नवस झाल्यावर दिवस राहिले. रंजिता त्या दिवशी स्टाफरूममध्ये बसून ढसाढसा रडली. त्यांच्याकडे पाचवीला बाळाच्या डोळ्यांना पहिलं काजळ लावायचा मान आत्याचा. आईचा नाही, आजीचा नाही, आत्याचाच. आपल्या पदरी मूल नाही तर नाही, पण एका लेकराच्या डोळ्यांना पहिलं बोट आपलं लागणार, या एका गोष्टीसाठी ती दिवस मोजायला लागली.

पण आनंदाला लगेच चिंतेची शेपटी फुटतेच. काजळ लावताना फोटो निघणार, ते फोटो नातेवाइकांत फिरणार. बायका म्हणणार, आत्या बघा कशी ओढलेली, ना मूल ना बाळ, हिच्या हातून कशाला पहिलं काजळ? असं कोणी म्हणालं नव्हतं. रंजिताला ते ऐकू येत होतं.

म्हणून ती डॉक्टर ऋषिकेशांकडे गेली. हे दर रविवारी इंदूरहून यायचे, मोठ्या रस्त्यावरच्या दवाखान्यात बसायचे आणि डोळ्यांखालच्या खड्ड्यात जेल भरून द्यायचे. फिलर म्हणतात त्याला. बारीक सुई, थोडी चुरचुर, अर्ध्या तासात घरी. सूज उतरल्यावर तिने आरशात पाहिलं तर खड्डे गेलेले. बरेच दिवस शाळेत कोणी झोपेचं विचारलं नाही. भूपेंद्र एवढंच म्हणाला, "काही बदललंय का? केस कापलेस?"

२

मग निळं दिसायला लागलं.

आधी संध्याकाळी, ट्यूबलाइटखाली. मग सकाळीही. दोन्ही डोळ्यांखाली फुगीर, निळसर दोन कोरी. काळ्याचं निळं झालं, म्हणजे आगीतून फुफाट्यात. रविवारी ती पुन्हा दवाखान्यात गेली. डॉक्टर भला माणूस, त्याने टाळाटाळ केली नाही.

"जेल कातडीच्या फार जवळ बसलंय, मॅडम. उजेड पडला की त्यातला निळा तेवढा परत फिरतो. आकाश निळं दिसतं ना, तसंच."

रंजिताला हसू आलं. हाच धडा ती दरवर्षी घ्यायची. आपल्याच तोंडावर प्रकाशाचं विकिरण चाललंय म्हटल्यावर भीती निम्मी गेली. डॉक्टर म्हणाले, जेल विरघळवायचं इंजेक्शन असतं, एकदा दिलं की प्रश्न मिटला. फक्त चारदोन दिवस तोंड सुजेल. निशाचे दिवस भरत आले होते. सुजल्या तोंडाने पाचवीला जायचं का निळ्या तोंडाने? निळं निदान क्रीमने झाकता तरी येतं. पाचवी झाली की येते, असं तिने सांगून टाकलं.

उठता उठता डॉक्टरांनी अंगठ्याने तो फुगवटा चाचपला आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. "इथं अशी घडी पडायला नको होती," ते म्हणाले. "पालथं झोपता का?"

रंजिता उताणी झोपायची.

घरी येऊन तिने आरशात नीट पाहिलं. डाव्या डोळ्याखालच्या निळ्या फुगवट्यावर, बरोबर खालच्या कडेने, एक बारीक आडवी रेघ होती. उजवीकडे तशीच. वर गोलसर फुगीर, खाली रेघ. हे कशासारखं दिसतंय, हा विचार मनात यायच्या आतच उत्तर आलं होतं, झोपलेल्या माणसाच्या मिटल्या पापणीसारखं. विज्ञान शिकवणाऱ्या बाईला हे शोभत नाही, असं स्वतःला बजावून तिने कुकर लावला.

३

बाळासाठी काजळ धुरपदाबाईच पाडणार होत्या. बाजारचं डबीतलं काजळ त्यांना चालत नसे. एरंडेलाचा दिवा, त्यावर पालथं पितळी ताट, जमलेली काजळी खरवडून लोण्यात मळायची आणि चांदीच्या डबीत भरायची. काजळ लागेपर्यंत बाळाचे डोळे नुसते उघडे असतात, काजळ लागलं की बाळ पाहायला लागतं, असं त्या सांगायच्या. एकदा लावलेलं काजळ पुसायचं नाही, आपोआप जाऊ द्यायचं. आणि नवं काजळ लेकराला लावायच्या आधी घरच्या मोठ्या माणसाला लावून पाहायचं, झोंबतं का ते. हा शेवटचा नियम तर रंजितालाही शहाणपणाचा वाटायचा.

धुरपदाबाईंच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. दुसऱ्याचं थंडी पडली की करू, थंडी पडली की करू म्हणत कैक हिवाळे गेले होते. भाजी निवडायची ती बोटांनी, माणूस ओळखायचं ते पावलांवरून.

त्या दुपारी शाळेतून आल्यावर रंजिता कूलरसमोरच्या खाटेवर आडवी झाली आणि तिचा डोळा लागला. जाग आली ती गालाजवळ काहीतरी गार, तेलकट फिरल्याने. धुरपदाबाई वाकून बसल्या होत्या. बोट काळं होतं.

"नवं काजळ लावून पाह्यलं तुले," त्या म्हणाल्या. "झोंबतं का?"

झोंबत नव्हतं. रंजिता उठून आरशाकडे गेली. काजळ तिच्या डोळ्यांत नव्हतंच. डोळ्यांच्या बोटभर खाली, त्या निळ्या फुगवट्याच्या रेघेवर, एका सुरेख ओळीत लावलं होतं. इतकं सरळ काजळ धुरपदाबाईंना चांगली नजर असतानाही कधी जमलं नसेल. रंजिताला हसूच फुटलं.

"बाई, खाली लागलं की हे!"

"खाली कुठं? पापणीच्या कडेलेच लावलं म्या."

"अहो, डोळे वर राहिले माझे."

धुरपदाबाईंना राग आला. दिसत नाही म्हणून कोणी चूक काढली की त्यांना खपायचं नाही. "मले डोयानं दिसत नई, पण बोटाले तं समजते ना?" त्या म्हणाल्या. "माह्या बोटाखाली पापणी फडफडली. केस लागले बोटाले. आता पुसू नको, आपोआप जाऊ दे."

रंजिताने मोरीत जाऊन साबण लावून तोंड धुतलं.

४

काजळ गेलं नाही. साबणाने नाही, खोबरेल तेलाने नाही, त्या ओल्या सुगंधी कागदांनीही नाही. घडीत जाऊन बसलं असेल, असं तिने ठरवलं. घरचं काजळ चिकट असतंच. वरून त्वचेच्या रंगाचं क्रीम थापलं आणि शाळेत गेली.

आठवीला योगायोगाने तोच धडा आला होता. तिने खिडक्यांचे पडदे ओढले, काचेच्या ग्लासात पाणी घेतलं, दुधाचे दोन-तीन थेंब टाकले आणि बाजूने टॉर्च मारला. पाणी निळसर झालं. पोरं वा वा करायला लागली. इतक्यात कोणीतरी उत्साहाने पडदा सरकवला, भर उन्हाचा पट्टा रंजिताच्या तोंडावर आला आणि तिने डोळे गच्च मिटून घेतले. दप्तराची चेन घाईघाईने ओढल्याचा आवाज आला.

तिने डोळे उघडले तेव्हा मागच्या बाकावरची एक पोरगी मान खाली घालून उभी होती.

"सॉरी मॅडम. मोबाइल रख दिया."

"कौनसा मोबाइल?"

"आप देख रहे थे ना मेरे को."

"मेरी तो आँखें बंद थीं," रंजिता म्हणाली.

अख्खा वर्ग खो खो हसला. मॅडमनी काय पकडलं, असं सगळ्यांना वाटलं. ती पोरगीही हसली. मग रंजिताही हसली, कारण हसण्यावाचून तिला दुसरं काही सुचेना. मधल्या सुट्टीत डबा तिच्याने खाववला नाही. ऊन डोळ्यांवर आलं की माणूस डोळे किलकिले करतो, ते पोरीला उघडे वाटले असतील, असं तिने स्वतःला समजावलं. समजावणं चांगलं जमलं. नाक धरून काढा प्यायल्यासारखं ते तिने गिळून टाकलं आणि घरी आल्यावर दवाखान्यात फोन लावला. पाचवीची वाट पाहायची नाही, सूज तर सूज, येत्या रविवारीच विरघळवून टाकायचं.

५

रविवारी खुर्ची मागे टेकवून तिला आडवं केलं. बधिर करायचं क्रीम लावलं, पुसलं, गार कापूस फिरवला. डॉक्टरांनी मोठा दिवा तोंडावर ओढला.

"डोळे मिटा, मॅडम."

तिने मिटले. मिटल्या पापणीआडून दिव्याचा उजेड लाल दिसतो, हे तिला ठाऊक होतं. लाल दिसलाच. पण त्या लालच्या खाली, बोटभर खाली, एक निळसर पट्टा होता. गढूळ पाण्यातून पाहावं तसा. त्या पट्ट्यात काहीतरी बारीक आणि लांब जवळ जवळ येत होतं, आणि ते मध्येच थांबलं.

"मिटा," डॉक्टर म्हणाले.

"मिटलेत, डॉक्टर."

वरचं एसीचं यंत्र घरघरत होतं. बाजूला सिस्टर उभी होती, तिचा श्वास आधी ऐकू येत होता, आता येईना.

"घट्ट मिटा."

रंजिताने इतके घट्ट मिटले की कानात आवाज झाला. लाल काळं झालं. निळं होतं तसंच राहिलं. मग ट्रेमध्ये सुई ठेवल्याचा बारीक आवाज आला, आणि डॉक्टरांच्या स्टुलाची चाकं मागे, पार भिंतीपर्यंत घरंगळत गेली.

तिने डोळे उघडले तेव्हा ते पाठमोरे बेसिनपाशी उभे होते आणि हात धूत होते. खूप वेळ धूत होते. आज नको, ते म्हणाले, सूज आहे. इंदूरला या, तिथे मशीन आहे, तिथे बघू. सूज कुठे आहे, असं तिने विचारलं. त्यांनी वळून पाहिलं नाही. सिस्टरने दार उघडून धरलं, पण रंजिता बाहेर पडेपर्यंत ती फरशीकडेच पाहत राहिली.

पुढचे दिवस रंजिताने कसेतरी काढले. नंतरच्या रविवारी डॉक्टर आलेच नाहीत. तब्येत बरी नाही, असं रिसेप्शनवरच्या मुलीने सांगितलं. इंदूरचा नंबर मागितला तर तो लागला नाही. आणि त्याच संध्याकाळी जीवनचा फोन आला, मुलगा झाला.

६

जाऊ नये, ताप आला म्हणून सांगावं, असं तिच्या मनात दहा वेळा आलं. पण निशाने स्वतः फोन केला, अजून आवाजात अशक्तपणा, आणि म्हणाली, "ताई, तुमच्याशिवाय काजळ नाही." एवढं ऐकल्यावर रंजिताला राहवलं नाही. किती वर्षं या एका बोलावण्याची वाट पाहिली होती तिने! भूपेंद्रच्या पिकअपमध्ये, मागे नळ्यांची वेटोळी, मध्ये मांडीवर चांदीची डबी धरून ती शाहपुरला निघाली. दोन्ही बाजूंनी केळीचे मळे, निळ्या पिशव्या घातलेले घड. त्या पिशव्यांकडे तिने पाहायचं टाळलं. तोंडावर क्रीमचे थरावर थर होते.

जीवनच्या घरी पाटा पुजलेला, बायकांची दाटी, फुलवाल्या हिरव्या साड्या, मोबाइल वर धरून तयार. लहान मुलांच्या डॉक्टरांनी डोळ्यांत काजळ घालू नका म्हणून बजावलं होतं, म्हणून पापणीच्या बाहेरून नुसतं बोट टेकवायचं ठरलं होतं. निशाने बाळ रंजिताच्या मांडीवर दिलं.

काय सांगावं त्या लेकराबद्दल! मूठभर जीव, तांबूस, डोक्यावर ओलसर जावळ, दुधाचा आंबूस वास. रंजिताच्या छातीत इतकी माया दाटली की ती क्षणभर सगळं विसरली. डॉक्टर, निळं, रेघ, सगळं. हे माझ्या भावाचं आहे आणि याला पहिलं काजळ मी लावणार, एवढंच तिला उरलं.

पाच दिवसांचं बाळ कोणाकडे पाहत नाही. नजर वाऱ्यावर असते, छताकडे, उजेडाकडे, कुठेही. हेही तशीच नजर फिरवत होतं. ती फिरता फिरता रंजिताच्या तोंडापाशी आली आणि थांबली.

"अगं बाई, आत्याला ओळखलं," कोणीतरी म्हणालं. सगळ्या हसल्या.

पण रंजिताला कळलं. बाळ तिच्या डोळ्यांत पाहत नव्हतं. ते जरा खाली पाहत होतं. तिने मान स्थिर ठेवली, डोळे स्थिर ठेवले, श्वास धरला. बाळाची नजर सावकाश डावीकडे गेली, थांबली, सावकाश उजवीकडे आली. कोणाच्या तरी नजरेमागे नजर जावी तशी. रंजिता हलली नव्हती.

तिने डोळे मिटून घेतले. दुसरं काही सुचलंच नाही. निदान आपण तरी पाहायचं नाही, या घरातल्या या एका लेकराला आपल्याकडून काही बाधायला नको.

काळोख झाला. आणि काळोखाच्या बोटभर खाली बाळ दिसत होतं.

निळसर होतं, पाण्याच्या तळाशी असल्यासारखं, पण स्पष्ट होतं. त्याची हनुवटी, उघडं तोंड, तिच्याकडे लागलेले डोळे. हे पाहणं तिचं नव्हतं. तिच्या पाहण्यात माया असती. हे पाहणं नुसतं नवं होतं, ज्याला कशाचंच नाव माहीत नाही तसं, आणि ते बाळावरून हटत नव्हतं.

"लाव ना ताई," जीवन कौतुकाने म्हणाला. "फोटो काढतोय."

तिचं बोट डबीत होतंच. डोळे मिटलेलेच. बोट उचललं गेलं, आणि खालून तिला ते येताना दिसलं, तिचंच बोट, काळं, न थरथरता बाळाच्या तोंडाकडे निघालेलं. ते पापणीपाशी गेलं नाही. ते पापणीच्या खाली गेलं. नव्या बाळाची कातडी जिथे पातळ असते, जिथे शिरांचा निळसर रंग दिसतोच, कोणत्याही बाळाच्या दिसतो, तिथे, नेमकं तिथे, टेकायला निघालं.

रंजिताने हात मागे ओढला. बोट आपल्या साडीला पुसलं. नव्या साडीवर काळा फराटा उमटला. पुन्हा पुसलं. डबीचं झाकण चाचपून घट्ट लावलं.

"याला काजळ नका लावू," ती म्हणाली. "कोणीच लावू नका. कधीच नका लावू."

बायकांची कुजबुज थांबली. मग पुन्हा सुरू झाली, वेगळ्या आवाजात. आत्याने भरल्या पाचवीला काजळ नाकारलं, असं त्या भागात कोणी ऐकलं नव्हतं. अपशकुन, म्हातारी कोणी पुटपुटली. मूल नसलेल्या बाईचं असंच होतं, दुसरी म्हणाली, आणि या वेळी ते खरंच कोणीतरी म्हणालं होतं. जीवनने मोबाइल खाली घेतला. त्याच्या बहिणीने त्याला आयुष्यात एवढं दुखावलं नव्हतं. रंजिताला ते सगळं कळत होतं, आणि तरी ती डबी मुठीत आवळून बसली.

निशाला रडू आवरेना. "ताई, नका लावू काजळ," ती म्हणाली, "पण एकदा डोळे उघडून बघा तरी त्याच्याकडे. तो केव्हाचा तुमच्याकडे बघतोय."

"दिसतोय गं मला," रंजिता म्हणाली.

आणि एक हात बाळाच्या मानेखाली, एक कमरेखाली घालून, मधलं हळदीकुंकवाचं ताट चुकवून, तिने ते निशाच्या मांडीवर अलगद ठेवलं, दुपट्याचं सुटलेलं टोक नीट खोचलं, आणि डोळे मिटलेलेच ठेवले.